पडदा ओढणाऱ्या मामांना

मामा, तुमचं नाव विचारलं तर "सगळे मामाच म्हणतात की" म्हणून हसत पडद्याकडं निघून गेलात, म्हणून हे इथं लिहितेय, कुणीतरी वाचून दाखवेलच तुम्हाला.

परवाच्या तबल्याच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतून उठवून ज्यांना मागं पाठवलं ना, त्या म्हाताऱ्यांची मी मुलगी. फेटेवाल्या स्वयंसेवकांना सांगून सांगून दमले, वडिलांना कमी ऐकू येतं ओ, एक खुर्ची द्या. "राखीव आहे मॅडम." राखीव कुणासाठी, तर दीपप्रज्वलन करून, शाल-श्रीफळ घेऊन पेशकार (तबल्याची सुरुवातीची रचना) सुरू व्हायच्या आत गाडीत बसणाऱ्यांसाठी. त्यातल्या एका साहेबांनी तर सोलापुरी चादरीला 2005-06 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं यावर भाषण ठोकलं, आणि आयुष्यभर जकार्डच्या (नक्षी विणायच्या) मागावर तीच चादर विणलेला माणूस शेवटच्या रांगेत खांबाआड. डोकं फिरणार नाही तर काय.

लूमच्या, म्हणजे मागाच्या आवाजानं कान जातात ते आधी बारीक, उंच पट्टीच्या आवाजाला जातात. आठ तासांना 90 डेसिबलची मर्यादा कायद्यात आहे म्हणे, शेडमध्ये मोजतंय कोण. त्यामुळं वडिलांना चाटीवरचं (तबल्याच्या कडेवरचं) काम आता ऐकूच येत नाही, डग्ग्याची, म्हणजे डाव्या हाताच्या मोठ्या तबल्याची घुमार तेवढी येते, तीही जवळ बसलं तरच. हे त्या फेट्यांना काय समजावणार होते मी?

तुम्हाला तर मी काहीच सांगितलं नव्हतं. पाण्यासाठी बाजूच्या दारापाशी आलो, तुम्ही वडिलांना काहीतरी विचारलं, ते नुसते हसले (ऐकू आलं नाही की ते असेच हसतात) आणि अशा वेळी बाकी सगळे ओरडायला लागतात, आमचे पाहुणे काय नि दवाखान्यातले काय. तुम्ही ओरडला नाहीत. गुपचूप त्यांच्या दुसऱ्या बाजूला गेलात, डाव्या कानाशी वाकून साध्या आवाजात म्हणालात, "इथनं ऐकू येतंय का काका?" वडील पटकन म्हणाले, "डग्गा तेवढा येतो." "मग या की ओ आत." खांद्यावरच्या टॉवेलनं खुर्ची पुसलीत, विंगेत डग्ग्याच्या बाजूला ठेवलीत, आणि ते बसल्यावर परत येऊन ती जराशी फिरवलीत, डावा कान स्टेजकडं येईल अशी. मामा, घरात आम्हालासुद्धा कधी सुचलं नव्हतं ते. पुढं त्या दिवशी तबला वाजवणारे पंडितजी भेटले हा बोनस, मला अजून ती फिरवलेली खुर्चीच दिसते.

पंडितजींचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढच्या वेळी विंगेत रांग लागेल आणि तुमचीच पंचाईत. रेडिओवर त्यांचा तबला लागला की वडील हातातला घास ताटात ठेवायचे, एवढं सांगते. पंडितजी घाम पुसत आत आले, समोर वडील बसलेले. तुम्ही फक्त "काका लूमवर होते" म्हणालात आणि बाजूला झालात, स्वतःचा फोटोसुद्धा काढून घेतला नाहीत. पंडितजी म्हणाले, लूम कुठल्या लयीत चालतो हो? वडिलांनी खुर्चीच्या हातावर धोट्याची (आडवा धागा नेणाऱ्या नळीची) ये-जा वाजवून दाखवली, खटक-खट, खटक-खट. पंडितजींनी जमिनीवरच बसून डग्गा ओढला, तेच वाजवलं, मग विचारलं, "आणि धागा तुटला की?" वडील म्हणाले, "मग खाली!" (तालातली खाली, डग्ग्याची घुमार थांबते ती जागा.) असले हसले दोघं, की बाहेर सत्काराचं राहिलेलं कुणीतरी दार वाजवत होतं ते कुणाला ऐकूच आलं नाही.

पदं, बॅज, फेटे काही नसताना माणूस एवढं बघतो, हे या शहरात अजून आहे याचं बरं वाटतं, बाकी काय बोलू.

वडिलांनी निरोप दिलाय, मामाला जेवायला बोलव. कडक भाकरी, शेंगाचटणी घरची आहेच. मटण चालत नसेल तर तेवढं आधी कळवा.