लॅमिंग्टन रोडवरच्या काकांना

काका, सादर नमस्कार.

मी सोलापूरचा, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा. गेल्या पावसाळ्यात नव्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची भिजलेली यादी हातात घेऊन मुंबईत तुमच्या दुकानाच्या काउंटरपाशी आलो होतो. यादीत इंटेलचा आय५-१२६००के प्रोसेसर आणि बी६६० चिपसेटचा (बोर्डावरचा कारभार पाहणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड. आधीच्या दुकानात ‘सगळं चालेल’ म्हणत बिल करायला घेतलं होतं. तुमच्याकडे मी फक्त रॅमचा भाव विचारायला आलो. तुम्ही यादी वाचलीत आणि म्हणालात, "ओव्हरक्लॉक करायचंय ना, प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचाय ना? मग हा बोर्ड कशाला घेतोस?"

तो बोर्ड चालला असता, पण ‘के’ या एका अक्षराचे, म्हणजे वेग वाढवायच्या मुभेचे, जास्तीचे पैसे पाण्यात गेले असते. इंटेलच्या अशा प्रोसेसरचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) वाढवायचा तर झेड मालिकेचाच चिपसेट लागतो. बी६६० वर फार तर रॅमचा वेग वाढतो. "प्रोसेसरचं कुलूप काढलंय, पण बोर्डाने आतून कडी लावलीय," हे तुमचं वाक्य मी आता प्रत्येकाला ऐकवतो.

झेड६९० चा बोर्ड माझ्या खिशाला झेपणारा नव्हता. तुम्ही तो माझ्या गळ्यात मारला नाहीत. माझ्याकडे जुनं ग्राफिक्स कार्ड आहे याची खात्री करून घेतलीत आणि एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर सुचवलात, कारण त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. मी स्वस्त म्हणून ए५२० चा बोर्ड उचलला, तर तो हातातून काढून घेतलात, कारण त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतच नाही. मग बी५५० चे दोन बोर्ड शेजारी-शेजारी ठेवून सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) बाजूला बोट ठेवलंत. एकाचे व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग, उघडे; दुसऱ्यावर उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा जाड हीटसिंक. "चिपसेट दोन्हींचा एकच. पण प्रोसेसरला वीज इथून जाते, आणि तुझ्या सोलापूरच्या उन्हात हे तापणार." मी दुसरा घेतला. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये तो खोका रात्रभर मांडीवर होता.

आणि ती दुसरी रात्र! प्रोसेसरला ४.७ गिगाहर्ट्झचा वेग लावल्यावर स्क्रीन काळी पडली आणि मी घाबरून तुम्हाला फोन केला. दुकान केव्हाच बंद झालेलं, तुम्ही घरी जेवत होतात. तरीही फोन न ठेवता वीज बंद करायला लावलीत, सीमॉसच्या (बोर्डाची सेटिंग मूळपदावर आणणाऱ्या) दोन पिना शोधायला लावल्यात, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यांना दहा सेकंद टेकवायला सांगितलंत. कॉम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज तुम्ही फोनवरूनच ऐकलात.

आता तो प्रोसेसर सहाही कोअरवर ४.६ गिगाहर्ट्झला, १.३ व्होल्टच्या आत स्थिर आहे. मे महिन्यातल्या दुपारीही रेंडर (एडिट केलेल्याचा अंतिम व्हिडिओ बनवणं) अडकला नाही. तासाभराचं काम चार-पाच मिनिटं लवकर होतं. यापेक्षा जास्त आशा धरू नकोस, हे तुम्ही आधीच बजावलं होतंत. लग्नसराईत रोज सहा-सात रेंडर लागतात, तेव्हा ती मिनिटं मला फार मोलाची वाटतात.

काका, मनापासून आभार. दिवाळीनंतर मुंबईला येतोय, घरची शेंगाचटणी घेऊन दुकानात येईन.

आपला,
सोलापूरचा व्हिडिओवाला