बिली जो, तुझ्या उजव्या हाताचे आभार

प्रिय बिली जो आर्मस्ट्राँग,

पंकवाल्याला अहो-जाहो शोभत नाही, म्हणून अरे-तुरेच करतो. मार्च २०२५ मध्ये तू तुझ्या ‘ग्रीन डे’ या पंक रॉक बँडसोबत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेलास, तेव्हाच हे लिहायला हवं होतं. गिटार शिकवणाऱ्यांना तुझी फार मदत होते.

मुलं तुमचा ‘डूकी’ (१९९४) अल्बम ऐकतात आणि आधी अँप्लिफायरचा गेन (आवाज फाटका करणारं बटण) पूर्ण वाढवतात. मग पॉवर कॉर्डच्या (दोन-तीन तारा एकत्र वाजवायच्या कॉर्डच्या) सुरांचं गरगटं होतं. त्यापेक्षा गेन निम्म्यावर, मिड्स (मधले सूर) वर, आणि पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) ब्रिजजवळचा, म्हणजे तारांच्या खालच्या टेकणाजवळचा, हंबकर जातीचा. तुझ्या निळ्या फर्नांडिस गिटारवर असतो तसा. त्यातलं ‘बास्केट केस’ हे गाणं रेकॉर्डसोबत वाजवलं की बेसूर लागतं, कारण तिथे सहाही तारा अर्धा स्वर उतरवलेल्या आहेत. तसं केल्यावर ०.००९ चा (सर्वांत बारीक तार ०.००९ इंच जाडीची असलेला) तारांचा सेट ढिला पडून खडखडतो, ०.०१० चा घालावा.

खरी परीक्षा पाम म्यूटची, म्हणजे तळहात टेकवून तारांचा आवाज दाबण्याची. त्या गाण्याच्या सुरुवातीला फक्त गळा आणि गिटार. ड्रम्स येईपर्यंत लय उजव्या हातालाच सांभाळावी लागते. तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजला लागूनच टेकवायची. थोडी पुढे सरकली की सूर मरतो, मागे गेली की तारा मोकळ्या वाजतात. एका ठोक्यात दोन, सगळे डाउनस्ट्रोक (वरून खाली मारलेले फटके). हात थकला की मध्येच अपस्ट्रोक (उलटे फटके) घुसतात आणि धार जाते. दोष बहुधा आखडलेल्या कोपराचा. फटका मनगटातून हवा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला १०० ठोक्यांवर लावून सुरुवात करावी आणि सलग दोन मिनिटं जमल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कॅलिफोर्नियातल्या रोडिओसारख्या लहान गावातला, दहाव्या वर्षी वडील गमावलेला मुलगा तू. मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलास म्हणून बर्कलीच्या ९२४ गिलमन या पंक क्लबने बँडला दार बंद केलं. पुढे एका अल्बमच्या मास्टर (मूळ ध्वनिमुद्रणाच्या) टेप चोरीला गेल्या, तेव्हा तीच गाणी परत न वाजवता नवी लिहिलीस. त्यातून २००४ चा ‘अमेरिकन इडियट’ आला. त्यात नऊ मिनिटांचं, पाच भागांचं गाणं आहे. तरी हात तोच!

आणि तुझं ‘गुड रिडन्स’ (१९९७) हे गाणं. जी कॉर्डवरून सी-अ‍ॅड-नाइनला जाताना अनामिका आणि करंगळी तिसऱ्या पट्टीवरून उचलायची नाहीत, एवढीच मेख. सुरुवातीला तू दोनदा चुकतोस, शिवी हासडतोस, आणि ते रेकॉर्डवर तसंच ठेवलंयस. पहिल्याच सुराला चुकून गिटार खाली ठेवणाऱ्यांना तेवढंच ऐकवलं तरी पुरतं. त्याबद्दल वेगळे आभार.

तुझे,
गिटार शिकवणारे काही जण