आई-बाबा, एकदा आमच्यासोबत जेवायला या

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "तुम्ही दोघं भेटता तरी कुठं?" तुझा आवाज भरून आला की माझंही बोलणं अडतं, म्हणून लिहिते. ज्याच्याशी मी लग्न करायचं ठरवलंय, त्याचं नाव तुम्ही दोघंही अजून घेत नाही, तर मीही इथं नुसतं 'तो' लिहिते. नाव भेटल्यावर त्याच्याच तोंडून ऐका.

भाऊसिंगजी रोडच्या एका बोळात झुणका-भाकरीची गाडी लागते, तिथं आम्ही भेटतो. दोन लाकडी बाकं, एक शेगडी, पाण्याची टाकी. गाडी एक मावशी चालवतात. आपल्या कोल्हापुरी बायकांसारखंच बोलतात, "बसा, तवा तापालाय, लगेच वाढतो मी." परातीत ज्वारीचं पीठ मळून हातावरच भाकरी थापतात, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवतात आणि उलटून झाली की थेट जाळावर धरतात. ती टम्म फुगली की ताटात पडते. सोबत पिठलं, खर्डा, दही, हातानं फोडलेला कांदा. बाबा, खर्ड्यावर तेल घेऊन खायची सवय मला तुम्हीच लावलीत. आता त्यालाही लागली आहे.

तो उद्यमनगरातून शिफ्ट सुटल्यावर येतो. दिवसभर लेथवर उभा असतो. आधी साबणानं हात घासत बसतो, तरी नखांच्या कडेला ऑइल राहतंच. मग आम्ही जेवतो आणि बोलतो. काय बोलतो हे तुम्हाला कळायला हवं, कारण मी त्याला ओळखलं ते त्या बोलण्यातूनच. त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, घरभाडं, माझ्या शाळेतली पोरं, असंच सगळं. एकदा त्यानं आपणहून विषय काढला, "तुझ्या पगारातलं घरी जातं, ते लग्नानंतरही जाऊ दे. बाबांची औषधं थांबायची नाहीत." मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. त्या रात्री खोलीवर आले आणि हाच माझा जोडीदार, हे मनाशी पक्कं केलं.

तो बौद्ध आहे. तुमचा जीव तिथंच अडलाय, आणि भावकी काय म्हणेल या भीतीनं तुम्हाला झोप लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आई, अंबाबाईच्या दर्शनाला आलो की आपण महाद्वार रोडला खायचो, खासबागेत भेळ घ्यायचो. कालवणारा हात कुणाचा, शेजारी बाकावर कोण बसलंय, हे तू कधी विचारलं नाहीस. तुझ्या मनात ते कधी आलंच नाही. माझी आई अशीच आहे, म्हणून तर हे सगळं तुला लिहायचा धीर होतो.

आणि बाबा, मी पाचवीत असताना दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं करून तुम्ही मला गंगाराम कांबळेंची गोष्ट सांगितली होतीत. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून महाराजांच्या पागेतल्या या नोकराला मारहाण झाली. महाराजांनी त्याला याच भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढून दिलं. तिथं कोण जाणार? तर महाराज स्वतः गाडी थांबवायचे, सगळ्यांदेखत चहा घ्यायचे आणि सोबतच्या मंडळींनाही पाजायचे. सांगताना तुमचा गळा दाटला होता. त्याच महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय लग्नाला कायद्यानं मान्यता दिली. शंभर वर्षं उलटून गेली त्याला. ती गोष्ट मी नुसती ऐकली नाही बाबा, तिच्यावर वाढले.

लग्न आम्ही नोंदणी पद्धतीनं करणार आहोत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. तिसरी सही त्याच्या आईची असेल. पहिल्या दोन तुमच्या असाव्यात अशी माझी फार इच्छा आहे. नोटीस अजून दिलेली नाही, तुम्ही त्याला भेटल्याखेरीज देणारही नाही. लगेच हो म्हणा असंही म्हणत नाही. पण न बघता, त्याच्याशी चार शब्द न बोलता नाही म्हणू नका.

रविवारी दुपारची गडहिंग्लज-कोल्हापूर गाडी धरा. स्टँडवर मी एकटीच घ्यायला येईन, तो थेट जेवायच्या ठिकाणी येईल. रात्री माझ्या खोलीवर राहा, सोमवारी सकाळच्या गाडीत मी बसवून देते. बाबा, रात्रीची बीपीची गोळी न विसरता आणा. तुमच्यासाठी पिठलं कमी तिखटाचं करायला मावशींना सांगून ठेवते. आई, येतेस की नाही, शनिवारपर्यंत फोन करून सांग.

तुमची लेक