धनुर्वात आणि मज्जारज्जूतील सहयोगी चेतापेशी

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

ज्वारीची काढणी आणि ऊसतोडीचा हंगाम आला की पायात धसकट घुसणे, कोयता लागणे अशा जखमा मराठवाड्यात नित्याच्या होतात, आणि गंजके लोखंड लागले तरच इंजेक्शन घ्यायचे, हा समजही पुन्हा कानी पडतो. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. गंजाशी त्यांचा संबंध नाही.

शाळेत चेतापेशींचे तीन प्रकार शिकवले जातात. संवेदी पेशी त्वचेकडून संदेश आणतात आणि प्रेरक पेशी स्नायूंना हलवतात, एवढे मुलांच्या लक्षात राहते. या दोहोंना जोडणाऱ्या सहयोगी चेतापेशी मात्र एका ओळीत उरकल्या जातात, हे मला नेहमीच खटकत आले आहे. काटा रुतताच पाय वर उचलला जातो, तेव्हा मज्जारज्जूतील काही सहयोगी पेशी पाय दुमडणाऱ्या स्नायूंच्या प्रेरक पेशींना चेतवतात आणि त्याच क्षणी दुसऱ्या काही पेशी, मुख्यत्वे ग्लायसिन हे रसायन सोडून, पाय ताठ करणाऱ्या स्नायूंच्या प्रेरक पेशींना थोपवून धरतात. हे थोपवणे थांबले, तर समोरासमोरचे स्नायू एकाच वेळी आखडतात.

धनुर्वातात तेच घडते. खोल, हवा न लागणाऱ्या जखमेत वाढलेल्या जंतूंचे विष प्रेरक चेतापेशींच्या तंतूंतून मज्जारज्जूपर्यंत चढते, तेथून थोपवणाऱ्या सहयोगी पेशींत शिरते आणि त्यांचे रसायन बाहेर पडूच देत नाही. मग दातखीळ बसते, पाठ कमानीसारखी वाकते आणि दार वाजल्याच्या आवाजानेही झटका येतो. (कुचल्याच्या बियांतील स्ट्रिक्निन ग्लायसिनचे कार्य रोखते, म्हणून त्या विषबाधेतही असेच झटके येतात.) पेशीत एकदा शिरलेल्या विषापुढे प्रतिविषाचे काही चालत नाही, त्यामुळे रुग्णाला आठवडेच्या आठवडे सांभाळावे लागते, शिवाय रोग होऊन गेल्यावरही त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती येत नाही, ती लसीनेच मिळते.

माता व नवजात बालकांमधील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये मान्य झाले, कारण गरोदरपणातील लसीकरण आणि सुरक्षित प्रसूती यांवर नेटाने काम झाले. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची (धनुर्वात आणि घटसर्प यांवरील) लस दिली जाते. त्यानंतर शेतात राबणाऱ्या पुरुषाला मात्र जखम होईपर्यंत कोणी विचारत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्यांत आणि ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गाव सोडण्यापूर्वी आरोग्य विभागाने प्रौढांसाठी ही लस उपलब्ध करून द्यावी, आणि आपल्या दैनिकाने हंगामाच्या तोंडावर याविषयी सविस्तर माहिती छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जि. परभणी