खोकला आला की आणला

ऑरोरा, कोलोराडो
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाळू,

आठ महिने पत्र नाही आणि दिवाळीला नुसता पणतीचा फोटो ढकलला, त्याबद्दल जे काय बोलायचं ते तू मनातल्या मनात बोलून घेतलं असशीलच. तेवढ्यावर सोड. तब्येत ठीक. साखर होती तिथेच आहे, गोळी वाढवली. अनघाचा खांदा बरा. संपलं.

फोन केला नाही, कारण तुझा फोन सगळं घर ऐकतं. तू तो कानाला लावतच नाहीस, ओटीवर ठेवून देतोस आणि सुपारी कातरत ‘हां, बोल’ म्हणतोस. हे ओटीवर बोलायचं नाही. वाचून झाल्यावर वहिनींनाही सांगू नकोस.

बाळू, मी शिकारीला गेलो होतो.

आधी हसून घे. कोंबडी कापताना परसात पळणारा मी, हे तू चारचौघांत किती वेळा सांगितलंयस त्याचा हिशेब माझ्याकडे आहे. पण खरंच गेलो. माझा साडू डेल, मेघनाचा नवरा, तुला आठवत असेल. तुमच्याकडे आला तेव्हा सोलकढीचे सहा पेले प्यायला आणि दुसऱ्या दिवशी खाटेवरून उठला नाही, तोच. त्याचं माहेर (पुरुषाला माहेर नसतं म्हणे, पण त्याला आहे) मीकर नावाच्या गावात. आमच्यापासून गाडीने चार-साडेचार तास, डोंगर ओलांडून पलीकडे. तिथे ऑक्टोबरात एल्कच्या शिकारीचा हंगाम उघडतो, आणि पहिल्या दिवसाला त्यांच्या घरातली सगळी माणसं असतील तिथून येतात. आपल्याकडे गणपतीला चाकरमानी येतात तसे. नोकरी गेली तरी चालेल, पण ‘ओपनिंग डे’ चुकवायचा नाही.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ धर. मोठा नर तीनशे किलोच्या पुढे जातो. अमेरिकेतल्या मूळ लोकांपैकी शॉनी त्याला वापिटी म्हणतात, म्हणजे पांढऱ्या ढुंगणाचा. हे ऐकल्यावर मला तुझे सदू मामा का आठवले ते सांगत नाही.

आणि गेलो ते माझ्यासाठी नाही, जुईसाठी. चौदा वर्षांची झाली. पोरीला शिकारीचं खूळ कुणी लावलं म्हणशील तर डेलने नाही, मीच. लहानपणी झोपताना तिला गोष्टी सांगायचो त्या आपल्या पारधीच्याच. शिमग्याचे दिवस, आजोबांची ठासणीची बंदूक, हाकारे, केळीच्या पानांवर घातलेले घरटी वाटे. आता ती म्हणते, तू सांगतोस ते मला करायचंय. काय उत्तर देणार?

इथे बारा वर्षांच्या पोराला परवाना मिळतो, पण सोळाचं होईपर्यंत शेजारी मोठं माणूस हवं, आणि त्या माणसाने शिकारीचा वर्ग केलेला हवा. १९४९च्या आधी जन्मलेल्यांना माफी. मला वाटलं, पांढरे केस बघून मलाही सोडतील. नाही सोडलं. मग एक्कावन्नाव्या वर्षी बारा-बारा वर्षांच्या पोरांमध्ये बसून परीक्षा दिली. बंदूक नेहमी भरलेली समजा, नळी भलतीकडे वळवू नका, घोड्यावर बोट शेवटी, आणि सावजाच्या मागे काय आहे ते आधी बघा. जुईला माझ्याहून चार मार्क जास्त. तुला आनंद झाला असेल.

गुरुवारी भाऊबीज झाली, शुक्रवारी निघालो, शनिवारी, २५ तारखेला, पहिला दिवस. कॅनव्हासचा तंबू, आत लाकडाची शेगडी, बाहेर शून्याखाली नऊ. फराळाचा डबा नेला होता. डेलच्या वडिलांना चकली इतकी आवडली की रात्रीत अर्धा डबा संपवला, पण सकाळी सोबत न्यायला सक्त मनाई. म्हणाले, हिचा आवाज अर्ध्या मैलावर जाईल, त्यापेक्षा ढोल घेऊन चला. म्हातारा अठ्ठ्याहत्तरचा आहे, आणि डोंगरात माझ्यापुढे चालतो. रात्री शेगडीजवळ सांगत होता की त्याच्या आज्याच्या वेळी या राज्यात मारून मारून हजारभर एल्क उरले होते. मग शिकार बंद केली, वायोमिंगहून जनावरं आणून सोडली, आणि आज अडीच लाखांच्या वर आहेत, दुसऱ्या कुठल्याच राज्यात इतके नाहीत. परवान्याच्या पैशातूनच त्यांची राखण होते. मी मान डोलावत होतो. मनात तू आणि तुझी गव्यांनी तुडवलेली केळ.

वर कायद्याने नारिंगी जाकीट आणि टोपी, चारी बाजूंनी दिसेल अशी. जनावराला तो रंग ओळखू येत नाही, माणसाला येतो, म्हणून. आम्ही सगळे शिमग्यातल्या सोंगांसारखे दिसत होतो.

पहाटे साडेपाचला मी आणि जुई एका आडव्या पडलेल्या खोडाला टेकून बसलो. डेल आणि म्हातारा पलीकडच्या धारेवर. समोर पानं झडलेल्या अ‍ॅस्पेनची पांढरी खोडं, खाली कुरण, मागे काळं दाट रान. पहाटेची गार हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की उलटी वर यायला लागते आणि आपला वास जनावराला सांगते. म्हणजे जे व्हायचं ते नऊच्या आत. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार काढता येतो, त्याआधी एक मिनिट नाही. जुई घड्याळ बघत होती. त्या उंचीवर हवा इतकी कोरडी की घसा खरखरतो. तिने खिशातून विक्सची गोळी काढून माझ्यापुढे धरली. मी मान हलवली. कागद वाजेल, असं खुणेने सांगितलं.

ही गोळी लक्षात ठेव.

सव्वासातला दोन माद्या वर आल्या. तिचा परवाना नराचा, त्यामुळे त्या आमच्यासमोरून निवांत गेल्या. मग फांद्यांवर काहीतरी घासल्याचा आवाज आला, वाळका बांबू ओढत नेल्यासारखा, आणि तो आला. शंभर पावलांवर असेल. आधी वास, घोड्याच्या तबेल्यासारखा. मानेवर काळपट आयाळ, नाकातून वाफ, शिंगांची टोकं हस्तिदंतासारखी पांढरी. एका शिंगाला चार टोकं तरी हवीत, किंवा कपाळाजवळचं टोक निदान पाच इंचांचं, नाहीतर मारायचा नाही. जुईचे ओठ हलताना दिसले, ती मोजत होती. मी पाच मोजली.

तो आडवा झाला. डेलने लहानपणी वापरलेली बंदूक तिने खोडावर टेकवली, गाल लावला. टोपीतून एक बट बाहेर आली होती आणि जिभेचं टोक दातांत धरलेलं. दोनच दिवसांपूर्वी दारात रांगोळीचे ठिपके घालताना अगदी असंच धरलं होतं. मग बंदुकीचा सुरक्षेचा खटका सरकवल्याचा टिक असा आवाज आला.

आणि मी खोकलो.

त्याने मान वर करून सरळ आमच्याकडे पाहिलं. किती वेळ ते विचारू नकोस. मग वळला आणि रानात शिरला. एवढं मोठं धूड, शिंगं मागे टाकून, झाडांमधून पाण्यासारखं गेलं. जुईने बार काढला नाही. खटका परत मागे घेतला, बोट घोड्यापासून लांब, वर्गात शिकवलं तसं. माझ्याकडे बघितलंच नाही.

बाळू, तो खोकला आला की मी आणला, हेच मला कळत नाही. बारा दिवस झाले, रात्री उठून बसतो आणि तेच. घसा कोरडा होता, हे खरं. पण तासभर कोरडाच होता, तेव्हा बरा गिळत होतो. नेमका त्या टिकवर कसा? छातीतून आला नाही, घशातून आला, एवढं पक्कं आठवतं. आजोबांना ओटीवर कुणी आल्याची वर्दी द्यायची असली की ते खाकरायचे बघ, काहीसा तसा. आणि आणला असेल तर कुणासाठी? जनावरासाठी म्हणावं तर मी शाकाहारी थोडाच आहे, पुढे वाच म्हणजे कळेल. पोरीसाठी? बाप म्हणून मी तिला विचारलं होतं? वर्षभर तिने तयारी केली, निशाण्यावर शंभर काडतुसं उडवली, मी सही करून शेजारी बसलो. कोंबडी वेगळी, बाळू, तिच्यापासून पळता येतं. इथे मी पळालो नाही आणि तिलाही करू दिलं नाही.

सगळे जमल्यावर डेलने विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत जुई म्हणाली, ‘मी हलले.’ म्हातारा म्हणाला, होतं असं, मी तुझ्या वयाचा असताना तीन हंगाम नुसताच हललो होतो. सगळे हसले. मी पण हसलो! तोंडातून शब्द निघाला नाही.

आता तुला कळलं असेल हे तुलाच का लिहितोय. रामेश्वराच्या मागच्या पाणंदीत आपण दोघं हाकाऱ्याला वाजवायचा रॉकेलचा डबा घेऊन बसलो होतो. डुकरीण आली, मागे पाच पिल्लं, आणि डबा वाजला नाही. त्या दिवशी वाडीत कुणाच्या घरी वाटा गेला नाही. तू आजोबांना सांगितलंस, ‘डबा माझ्याकडे होता, मी घाबरलो.’ निगडीच्या फोकाचे वळ तुझ्या पायावर उठले. पस्तीस-छत्तीस वर्षं आपण भांडतोय की डब्यावर हात कुणी ठेवला. मी म्हणतो तू, तू म्हणतोस मी. माझ्या लग्नात पंगतीतसुद्धा भांडलास, अनघाचे मामा घाबरून जिलबी टाकून उठले.

दुपारचं सांगायचं राहिलं. डेलला साडेआठला नर मिळाला होता, दीड मैल आत. सगळे उचलायला गेलो. एकेक मागचा पाय पंचवीस-तीस किलोचा, सुती पिशवीत घालून पाठीवर. म्हातारा कातडं सोडवत होता आणि जुई पाय धरून उभी होती, बाह्या वर, कोपरापर्यंत रक्त. प्रश्न विचारत होती, काळीज कुठे, गोळी कुठून गेली. तिला काही झालं नाही. मी जवळच्या झाडाचं खोड फार बारकाईने बघत होतो. एल्कच्या वरच्या जबड्यात दोन सुळे असतात, हस्तिदंती. म्हाताऱ्याने एक काढून तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, दुसरा तू स्वतः मिळवायचास. आणि मग डेलने वाटे घातले, बाळू! शेजारच्या एकट्या बाईला एक, शाळेच्या बसवाल्याला एक, आमचा एक. केळीच्या पानाऐवजी पांढरा कागद, एवढाच फरक. अनघाने तुझ्या मसाल्यात सुकं केलं. मी दोनदा वाढून घेतलं. आता हस.

परत येताना डेलच्या गाडीत मी पुढे, ती मागे. डोंगर उतरताना मागून हात आला आणि माझ्या तळहातावर विक्सची गोळी ठेवली. एक शब्द नाही. खिडकीकडे तोंड. मी बराच वेळ कागद सोडला नाही. तिला कळलंय का, बाळू? की नुसती बापाला घसा खवखवतोय म्हणून दिली? तिला सांगू? सांगितलं आणि तिला माहीत नसलं तर तिचा पहिला हंगाम बापाने खाल्ला, हे तिला जन्मभर राहील. नाही सांगितलं आणि माहीत असलं तर ‘मी हलले’ हे ती माझ्यासाठी बोलली, आणि मी ते घेतलं. गप्प बसून घेतलं. अनघाला विचारलं नाही, ती म्हणेल सांग, आणि तिचं बरोबर असेल.

बरं, तुझं. मेरूच्या बारशाचे फोटो पाहिले, नाक तुमच्याच घराण्याचं, बिचारी. काजूची पंचायत झाली असं दादा म्हणाला. गव्यांचा पंचनामा झाला का, की तलाठी अजून येतोच आहे? गुडघ्याचं ऑपरेशन करून टाक, मेल्या, खर्चाचं माझ्यावर सोड आणि या ओळीवर वाद घालू नकोस. काकींच्या वर्षश्राद्धाला येतो म्हटलं होतं, तिकीट बघतोय. खरंच बघतोय.

उत्तर कागदावरच लिही.

तुझा,
सुध्या

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात जुई येऊन विचारून गेली की पुढच्या वर्षी ती डेलकाकाबरोबर बसली तर मला वाईट वाटेल का. मी म्हटलं, छे. ती दारापर्यंत गेली, थांबली आणि म्हणाली, ‘बाळूकाकाला लिहितोयस? त्याला विचार ना, डब्यावर हात कोणाचा होता.’ बाळू, ती गोष्ट मी तिला नेहमी ‘डबाच वाजला नाही’ इथेच संपवतो. हाताचं मी कधीच सांगितलेलं नाही. तू सांगितलंस का?