तुम्ही नक्की कुठल्या विभागाच्या?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

माझ्या भाचीची पीएचडी झाली एकदाची. विषय धार्मिक बहुविधता आणि पॉलिटिकल थिऑलॉजी. नातेवाईक विचारतात, म्हणजे कीर्तनाचं का गं? ती सांगते की राज्य, सत्ता, कायदा या कल्पनांमधे देवाधर्माच्या जुन्या कल्पना कशा मुरल्यात ते बघायचं, कार्ल श्मिट नावाच्या जर्मनाने १९२२ साली त्यावर पुस्तक लिहिलंय (हा बाबा पुढे नाझी पक्षात गेला, तरी वाचावा लागतो म्हणे).

तर झालं असं की एका कॉलेजात इंटरव्ह्यूला फिलॉसॉफीचे सर म्हणाले हे तर पॉलिटिकल सायन्स, आणि महिनाभराने दुसरीकडे पॉलिटिकल सायन्सच्या मॅडम म्हणाल्या तुम्ही फिलॉसॉफीच्या. आता तासिका तत्त्वावर दोन ठिकाणी शिकवते, वाघोली ते कर्वे रोड स्कूटरवर, डब्यातली पोळी सिग्नलला खाते आणि मे महिन्यात मानधन शून्य.

वैताग याचा की हे पुण्यात चाललंय. फर्ग्युसनमधून बीए झालेले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मधे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मच शिकायला गेले होते आणि परत आल्यावर १९०६ साली अस्पृश्यतेच्या प्रश्नावर मिशन काढलं. त्याच्याही आधी महात्मा फुल्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात एक कुटुंब रंगवलं, बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी आणि सगळे एका घरात प्रेमाने. आमच्याकडे उपासाच्या खिचडीवरून दोन दिवस अबोला असतो!

आणि कॅम्पातलं १८६७ चं सिनेगॉग घ्या. रिक्षावाल्याला सिनेगॉग म्हणालात तर तो तोंडाकडे बघत बसेल, लाल देऊळ म्हणा, बरोबर गेटसमोर सोडतो. ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला पुणेकर सरळ देऊळ म्हणून मोकळे झाले. हे का, कसं, यावर भाची तासभर बोलते, मला निम्मं कळतं, पण ऐकावंसं वाटतं.

मागणी छोटी आहे. नेट परीक्षेत तौलनिक धर्म-अध्ययन हा स्वतंत्र विषय आहे, ती त्यात पास आहे, पण प्राध्यापक भरतीच्या एकाही जाहिरातीत तिला तो अजून दिसलेला नाही. नवीन पदं राहू द्या, निदान फिलॉसॉफी आणि पॉलिटिकल सायन्सच्या जागांना हा विषय 'संबंधित' धरावा एवढं विद्यापीठाने कॉलेजांना लेखी कळवावं, पुढची भरती निघायच्या आत.

— एक मामा, सदाशिव पेठ, पुणे