आधी खिडकी द्या, मग भिंत हिरवी करा

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला ऑफिसमधल्या निसर्गावरचा पानभर लेख वाचला. मेहनतीनं लिहिलाय, त्याबद्दल आभार, पण वाचून जी चिडचिड झाली ती आज सकाळपर्यंत गेली नाही म्हणून लिहायला बसले. मॉसची, म्हणजे शेवाळाची भिंत आली, कुंड्या आल्या, लाकडासारखी दिसणारी टेबलं आली, आणि खिडकी हा शब्द अख्ख्या पानात एकदाही नाही!

आधीच्या ऑफिसात मी नऊ वर्षं खिडकीशेजारी बसायचे. बाहेर एक वाकडं झाड होतं, फार देखणं वगैरे नव्हतं. एका वर्षी त्यावर कावळ्यांनी घरटं बांधायला घेतलं, कुठून कुठून वायरचे तुकडे आणायचे, एकदा तर तारेचा अख्खा हँगर आणला, तो फांदीत बसेना, कावळा उलटा करून बघतोय, सुलटा करून बघतोय आणि आम्ही तिघीचौघी हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघतोय. दोन मिनिटांचा खेळ, पण परत स्क्रीनकडे वळलं की डोळे धुतल्यासारखे वाटायचे. मग रिनोव्हेशन निघालं. खिडक्यांच्या बाजूला साहेबांच्या केबिन आणि मीटिंग रूम गेल्या, आम्ही सगळे मधे ट्यूबलाइटखाली, आणि समोर मॉसची भिंत. वर सगळ्यांना ईमेल, की निसर्ग आता तुमच्या जवळ आलाय.

ते मॉस जिवंत नसतं हो. ग्लिसरीन मुरवून टिकवलेलं असतं, त्याला पाणी घालायचं नसतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. साफसफाईच्या मावशींना ते सुकल्यासारखं वाटलं, त्यांनी आपणहून रोज स्प्रेनं पाणी मारलं, महिन्याभरात खालच्या कोपऱ्यात काळे डाग पडले, कुबट वास सुटला आणि सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली मावशींनी. त्या एवढंच म्हणाल्या, "झाड आहे म्हणून पाणी घातलं." मी त्यांच्या बाजूनं बोलायला हवं होतं, बोलले नाही, ते अजून टोचतं.

कुंड्यांनी हवा शुद्ध होते हेही लेखात ठोकून दिलंय. या समजामागचा नासाचा १९८९ चा प्रयोग छोट्या बंद चेंबरमधला होता. २०१९ मधे अशा बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले तेव्हा दिसलं की इमारतीत एरवी हवा जेवढी बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. मग माणसं कुठे बसवायची? कुंड्या जरूर ठेवा, मला आवडतात, पण हवेसाठी खिडकी उघडली पाहिजे.

आणि बाहेर बघायला मिळण्यानं काय होतं ते रॉजर उलरिक या संशोधकांनी १९८४ मधेच दाखवलंय. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, कडक पेनकिलरही त्यांना कमी लागल्या. हॉस्पिटलातली गोष्ट आहे मान्य, पण दिवसाचे नऊ तास एका खुर्चीत काढणाऱ्यालाही डोळे असतातच की. उंच इमारतीत जमत नाही असंही नाही, फ्रँकफर्टच्या कॉमर्झबँकेच्या ५६ मजली टॉवरमधे १९९७ पासून वरच्या मजल्यांवर बागा आहेत आणि ऑफिसच्या खिडक्या उघडतात. असं एखादं उदाहरण लेखात का नाही?

अजून एक, तुम्ही छापलेला मोठा फोटो हा फोटो नाहीच, कंप्युटरवर केलेलं चित्र आहे. एकाही टेबलावर वायर नाही, खुर्चीत माणूस नाही, आणि छतापर्यंत चढलेल्या वेलींना पाणी कुठून येतं तो पाइपही कुठे दिसत नाही. पुढच्या वेळी अशा चित्राखाली 'संकल्पचित्र' असं स्पष्ट छापा. आमचे साहेब लोक असेच फोटो दाखवून ऑर्डर देतात.

आपली,
एक नियमित वाचक